पंखाचा दोन मिलिमीटर बाक

मॉडेल ग्लायडरला इंजिन नसतं. हाताने भिरकावून, दोरीने ओढून किंवा काही सेकंद छोटी मोटर चालवून ते वर नेलं, की त्यानंतर त्याचं खाली येणं सुरू होतं. हे खाली येणं जितकं लांबवता येईल तितकं लांबवायचं, एवढाच हा छंद. त्यासाठी उडवणाऱ्याच्या हातात फार थोडी साधनं असतात. त्यातलं सगळ्यात प्रभावी आणि सगळ्यात जास्त गैरवापर होणारं साधन म्हणजे पंखाच्या मागच्या काठाची जागा. हा काठ सगळ्या पंखभर दोन मिलिमीटर खाली आणला तर ग्लायडर संथ होऊन तरंगू लागतं. दीड मिलिमीटर वर नेला तर तेच ग्लायडर वाऱ्याच्या तोंडावर सुरीसारखं निघतं. पहिल्याला कॅम्बर वाढवणं म्हणतात, दुसऱ्याला रिफ्लेक्स देणं. (रिफ्लेक्स म्हटलं की आम्हा डॉक्टरांना गुडघ्याखाली मारायचा रबरी हातोडा आठवतो. त्याचा इथे संबंध नाही.)

'एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये' अशी पाटी वाचूनच आपण सगळ्यांनी लहानपणी हात बाहेर काढलेला असतो. तळवा सपाट आणि किंचित तिरका धरला की वारा हात वर ढकलतो. बोटं थोडी खाली वाकवून तळव्याला बाक दिला, तर तेवढ्याच तिरकेपणात हात जास्त जोरात वर जातो, पण मागेही जास्त ओढला जातो. पंखाच्या बाकाचं सगळं अर्थशास्त्र या अनुभवात आहे. बाक म्हणजे कॅम्बर. त्याने उचल वाढते आणि त्याची किंमत अवरोधाच्या रूपात मोजावी लागते.

मग एकदाच योग्य बाक ठरवून पंख का बनवू नये? कारण ग्लायडरला एकाच उड्डाणात दोन परस्परविरोधी कामं करायची असतात. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला, तर तेच वजन पेलायला पंखाच्या आकाराला पूर्वीच्या एक चतुर्थांशच मेहनत पुरते. वर चढणाऱ्या गरम हवेच्या स्तंभात, म्हणजे थर्मलमध्ये, ग्लायडरने छोट्या वर्तुळात हळू फिरायचं असतं. तिथे पंखावर मेहनतीचा भार जास्त आणि बाक उपयोगी. पण थर्मल संपलं की आजूबाजूची खाली जाणारी हवा लवकर ओलांडून पुढच्या थर्मलपर्यंत पोहोचायचं असतं. त्या वेगात जास्त बाकाचा पंख नको तेवढी उचल द्यायला बघतो. ती नको म्हणून त्याला नाक खाली करून, जवळजवळ उलट्या कोनात वाऱ्याला सामोरं जावं लागतं. मग पंखाच्या खालच्या बाजूने वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते आणि अवरोध भसकन वाढतो. म्हणून तिथे बाक काढून टाकायचा, म्हणजेच मागचा काठ वर घ्यायचा.

पक्षी हे जन्मजात करतात. घार थर्मलमध्ये पंख पसरून, पिसं फाकवून फिरते आणि बाहेर निघाली की मनगट आणि कोपर मागे घेऊन पंख लहान आणि सपाट करते. माणसाला हे कळायला फार वेळ लागला आणि त्याची किंमतही चुकवावी लागली. जर्मन अभियंता ओटो लिलिएन्थालने करकोच्यांचं निरीक्षण करून आणि वक्र पत्रे वाऱ्यात फिरवून मोजमापं घेतली आणि १८८९ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली. वक्र पंख सपाट पंखापेक्षा किती श्रेष्ठ, हे त्याने आकड्यांनी दाखवलं. बाकाची उंची पंखाच्या रुंदीच्या बाराव्या भागाइतकी असावी, ही शिफारस त्याच्याच कामातून पुढे आली. स्वतःच्या ग्लायडरांवर त्याने सुमारे दोन हजार उड्डाणं केली. ऑगस्ट १८९६ मध्ये एका उड्डाणात ग्लायडर हवेत थबकलं, पंखाने उचल सोडली आणि तो खाली कोसळला. मणका मोडला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला.

लिलिएन्थालच्या मृत्यूची बातमी वाचून विल्बर राइटची उड्डाणातली जुनी आवड पुन्हा जागी झाली. राइट बंधूंचं १९०३ सालचं इंजिनाचं विमान सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र त्यांचा १९०१ चा उन्हाळा जास्त वाचनीय वाटतो. त्या वर्षीच्या ग्लायडरला त्यांनी लिलिएन्थालप्रमाणे एक बारांश बाक दिला. किल डेव्हिल हिल्सच्या वाळूच्या टेकड्यांवर ते नेलं आणि ते नीट उडेना. नाक कधी एकदम वर, कधी एकदम खाली. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. वरचा पंख सोडवून घेतला आणि तो एकटाच पतंगासारखा दोरीवर उडवला. मंद वाऱ्यात पंख वर ओढला जात होता, जोराच्या वाऱ्यात तोच खाली दाबला जात होता. म्हणजे कोन लहान झाला की हवेच्या दाबाचा मध्य पुढे सरकायचं सोडून मागे पळत होता, आणि दोष त्या खोल बाकाचा होता.

मग त्यांनी तिथेच, वाळूत, तारा आणि जादा आधार लावून पंखाच्या बरगड्या खाली ताणल्या आणि बाक एक बारांशावरून सुमारे एक एकोणविसांशावर आणला. ग्लायडर लगेच आज्ञेत आलं. त्या मोसमातली सर्वांत लांब झेप सुमारे ३९० फुटांची होती आणि ती या दुरुस्तीनंतरची. तरीही उचल हिशेबापेक्षा फारच कमी भरत होती, म्हणून विल्बर निराश होऊनच घरी परतला. त्या शरद ऋतूत दोघांनी डेटनमध्ये सहा फुटी लाकडी खोक्याचा वातबोगदा बनवला आणि त्यात जवळजवळ दोनशे छोट्या पंखांचे आकार तपासले. जुन्या कोष्टकांवरून हिशेब करताना वापरला जाणारा हवेच्या दाबाचा गुणांकच फुगलेला होता, हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं. १९०२ चं ग्लायडर लांब, अरुंद आणि कमी बाकाच्या पंखांचं झालं आणि ते सहाशे फुटांच्या पुढे गेलं. माझ्या मते विमानाचा शोध खरा इथे लागला. इंजिन नंतर आलं.

आता मॉडेलकडे येऊ. मोठ्या ग्लायडरचे नियम छोट्याला जसेच्या तसे का लागू होत नाहीत, हे सांगायला मला माझ्याच ओपीडीतलं उदाहरण सोयीचं आहे. रक्तदाब मोजताना पट्टा सैल होत जातो आणि स्टेथोस्कोपमध्ये ठक ठक ऐकू येऊ लागतं. रशियन शल्यचिकित्सक कोरोटकॉफने १९०५ मध्ये वर्णन केलेला हा आवाज अरुंद झालेल्या धमनीतून उसळून जाणाऱ्या रक्ताचा असतो. मोकळ्या धमनीत रक्त शांत थरांनी वाहतं, तेव्हा काही ऐकू येत नाही. प्रवाह शांत राहणार की खळाळणार, हे वेग, रुंदी, घनता आणि दाटपणा यांच्या एका गुणोत्तरावर ठरतं. त्याला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून त्याचा अभ्यास मांडला. तीव्र रक्तक्षय असलेल्या गरोदर बाईच्या छातीवर कधी कधी हृदयाच्या झडपा निरोगी असूनही सूं असा मर्मर ऐकू येतो. तिचं रक्त पातळ झालेलं असतं, ते वेगाने वाहतं आणि हा अंक वाढतो.

हाच अंक पंखाला लागू आहे. २० सेंटिमीटर रुंदीचा पंख सेकंदाला ८ मीटर वेगाने जात असेल, तर अंक सुमारे एक लाख येतो. माणूस बसलेल्या खऱ्या ग्लायडरसाठी तो दहा लाखांच्या वर असतो. घार आपल्या मॉडेलच्याच वर्गात बसते. एक लाखाच्या आसपास हवा पंखावरून फार शांत, फार नाजूक थराने वाहते आणि जरा उतार मिळाला की पृष्ठभाग सोडते. पुढे ती खवळते आणि पुन्हा चिकटते. मधे हवेचा एक फुगा राहतो. हा फुगा अवरोध वाढवतो, आणि मागचा काठ एकदम जास्त वाकवला तर हवा पुन्हा चिकटतच नाही. मोठ्या विमानाचा फ्लॅप १० अंश खाली आलेला पाहून कुणी मॉडेलवर थर्मलसाठी तेच करतो, तेव्हा ग्लायडर तरंगत नाही, नुसतं लोंबकळतं. इलिनॉय विद्यापीठात मायकेल सेलिग यांनी वातबोगद्यात केलेल्या चाचण्या आणि एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी १९८६ मध्ये लिहिलेली एक्सफॉइल ही संगणक प्रणाली, यांमुळे आज मॉडेलचे पंख या छोट्या अंकासाठीच आखले जातात. ड्रेलांचे एजी मालिकेतले आकार जगभरच्या हौशी ग्लायडरांवर दिसतात.

प्रत्यक्ष आकडे सांगते. समजा पंख मुळाशी २० सेंटिमीटर रुंद आहे आणि मागचा चौथा हिस्सा, म्हणजे ५ सेंटिमीटर, हलणारा आहे. त्याचा एक अंश म्हणजे काठावर ०.९ मिलिमीटर. थर्मलसाठी २ ते ४ अंश खाली, म्हणजे साधारण २ ते साडेतीन मिलिमीटर. वेगासाठी १ ते २ अंश वर. दोरीने ओढून वर नेताना मात्र १५-२० अंश खाली चालतात, कारण तिथे ताकद दोरीची असते आणि अवरोधाची चिंता नसते. उतरताना आतले फ्लॅप ६० अंशांहून खाली आणि बाहेरचे एलेरॉन वर, हा ब्रेकचा प्रकार आहे, त्याचं गणित वेगळं.

इथे एक फसगत टाळायला हवी. पंख टोकाकडे निमुळता होतो. तिथे हलणारा भाग ३ सेंटिमीटरच असेल, तर एक अंश म्हणजे अर्धाच मिलिमीटर. आत आणि बाहेर सारखे मिलिमीटर दिले, तर टोकाला कोन जवळजवळ पावणेदोन पट होतो आणि वळणात टोक आधी उचल सोडतं. म्हणून मोजपट्टी वापरा, पण विचार अंशात करा. थर्मलमध्ये टोकाकडचा बाक किंचित कमी ठेवलेला चालतो. रिफ्लेक्स देताना मात्र नुसते फ्लॅप वर नेऊ नयेत, एलेरॉनही बरोबर वर जायला हवेत. नाहीतर आतला पंख हलका होतो आणि टोकांवर भार येतो.

मूळ, म्हणजे शून्य जागा कुठली, हेही डोळ्यांनी ठरवू नये. पंख आखणाऱ्याने दिलेल्या छेदाचा कागदी साचा कापून तो पंखावर बसवून पाहावा. त्याआधी फ्लॅप बोटांनी हलवून बघा. सर्वोच्या जोडणीत अर्धा मिलिमीटर ढिलाई असेल, तर दीड मिलिमीटरच्या रिफ्लेक्सला अर्थ उरत नाही. वजनमापाच्या काट्यालाच पाव किलोची चूक असताना बाळाचं वजन वाढलं का, हे विचारण्यासारखं ते होतं. गुरुत्वमध्य तर या सगळ्याच्याही आधी. तो चुकलेला असताना कॅम्बर बदलत बसणं म्हणजे निदान न करता औषधं बदलणं.

बाक बदलला की नाकही हलतं. मागचा काठ खाली आला की पंखाचा स्वतःचा कल नाक खाली दाबण्याचा असतो, पण उचल वाढते आणि शेपटीवर येणारी हवाही बदलते, त्यामुळे एखादं ग्लायडर नाक वर करतं, एखादं खाली घालतं. त्यासाठी ट्रान्समीटरमध्ये प्रत्येक जागेबरोबर एलिव्हेटरची थोडी भरपाई जोडावी लागते. बिनशेपटीच्या उडत्या पंखात तर रिफ्लेक्स ही सोय नसून गरज आहे. तिथे मागचा काठ कायमचाच थोडा वर वळलेला असतो आणि शेपटीचं काम तोच करतो. त्याला 'सरळ' करायला गेलात तर ते नाक खाली घालून जमिनीत शिरेल.

आमच्या माळावर येणारे एक काका आहेत. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बाल्सा लाकडाला असा हात लावतात की पाहत राहावं. त्यांच्या परवानगीने, नाव न देता लिहिते. चार वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सनचं निदान झालं. या आजारात हात थरथरतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण ग्लायडर उडवणाऱ्याला थरथरीपेक्षा हालचालीतली मंदी जास्त नडते. थरथर बहुधा हात स्वस्थ असताना दिसते आणि काम सुरू झालं की कमी होते. मंदी मात्र ऐन कामातच आडवी येते. काठी पाव सेकंद उशिरा हलते आणि तेवढ्यात एक पंख पडलेला असतो. काकांनी एकदा सगळं सामान विकायला काढलं होतं. त्यांचे चिरंजीव माझ्याकडे आले, "मॅडम, बाबांना एवढं एकच बाहेर काढतं हो."

आजाराच्या औषधावर जे करायचं ते न्यूरॉलॉजीच्या सहकाऱ्यांनी केलं. लेव्होडोपाची गोळी लागू पडल्यानंतरचा जो बरा काळ असतो, त्यातच उडवायचं, आणि गोळीच्या वेळी पोटभर डाळ-अंडी खायची नाहीत, कारण प्रथिनं औषधाच्या शोषणाला आडवी येतात, हेही त्यांनीच समजावलं. उरलेला प्रश्न माणसाचा नव्हता, पंखाचा होता. काका जुन्या सवयीने थर्मलमध्ये साडेतीन मिलिमीटर बाक देत. त्या जागी ग्लायडर सर्वांत हळू उडतं हे खरं, पण उचल सोडण्याच्या अगदी काठावर. तिथे चूक सावरायला अर्धा सेकंदही मिळत नाही. रिफ्लेक्समध्ये उलटं, ग्लायडर स्थिर धावतं, पण माणसाची पाव सेकंदाची दिरंगाई म्हणजे तीन-चार मीटर पुढे गेलेलं ग्लायडर. म्हणून दोन्ही टोकं कापली. बाक कमी केला, रिफ्लेक्स एक मिलिमीटरवर आणला आणि एका स्थितीतून दुसऱ्यात जायला ट्रान्समीटरमध्ये दीड सेकंदाचा विलंब घातला, म्हणजे नाकाला झटका बसत नाही. काठीची मध्याजवळची संवेदना एक्स्पोने कमी केली. ट्रान्समीटर गळ्यातल्या पट्ट्याच्या ट्रेवर ठेवला, त्यामुळे मनगटं टेकतात.

कमी बाकाने उड्डाणाचा वेळ घटेल, अशी काकांची खात्री होती. तेव्हा औषधांच्या चाचणीत करतात तसं केलं. पहाटे, थर्मल सुरू होण्याआधी, हवा स्थिर असताना, प्रत्येक वेळी त्याच उंचीवर मोटर बंद करायची आणि जमिनीवर येईपर्यंतचा वेळ मोजायचा. स्विचच्या खुणांवर चिकटपट्टी. कुठली जागा आहे ते फक्त स्विच लावणाऱ्याला ठाऊक, उडवणाऱ्याला नाही. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक जागेची किमान तीन उड्डाणं, क्रम अदलून बदलून. बाक जास्त असला की ग्लायडर हळू दिसतं आणि हळू दिसणारी वस्तू जास्त वेळ टिकल्यासारखी वाटते. आपल्या डोळ्यांचा हा पक्षपात घड्याळाला नसतो. पट्टी काढल्यावर काका बराच वेळ वहीकडे बघत होते. त्यांचा आवडता साडेतीनचा बाक तिन्हींत शेवटचा आला होता.

अशी चाचणी प्रत्येकाने आपल्या ग्लायडरवर करावी, दुसऱ्याचे आकडे उचलू नयेत. हवेनेही फरक पडतो. पुण्याच्या उंचीवर, मे महिन्यात ४० अंश तापमानात हवा समुद्रसपाटीच्या १५ अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते. तेच ग्लायडर तेव्हा सात-आठ टक्के जास्त वेगाने उडावं लागतं आणि रेनॉल्ड्स अंक तरीही घटतो. युरोपातल्या विजेत्याने थंड हवेत बसवलेले आकडे इथे मे महिन्यात अर्धा-पाऊण मिलिमीटरने तरी तपासून पाहावेत. आणि मे महिन्यात माळावर उभं राहायचं तर टोपी, गॉगल आणि दर अर्ध्या तासाने पाणी हवंच. मान सतत मागे टाकून पाहणाऱ्या साठीच्या पुढच्या माणसांनी जवळ एक आरामखुर्ची ठेवावी, चक्कर मानेतून येते तशी उन्हातूनही येते. जागा निवडताना डिजिटल स्काय नकाशावर ती हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते आधी पाहून घ्यावं.

काकांचा थर्मलचा बाक सध्या दोन मिलिमीटरवर आहे. ऑक्टोबरमध्ये दीड करून पाहायचा त्यांचा विचार आहे. पट्टी या वेळी माझ्या स्विचवर लावणार, असं म्हणतात.